पळायला जाताना कीलेस गाडीच्या फॉबचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सकाळी गाडीने मैदानापर्यंत जायचं, तासभर पळायचं, गाडी बटन स्टार्टची, चावी म्हणजे चांगला जाडजूड फॉब, बटनांचा रिमोट. शॉर्ट्सच्या खिशात तो उड्या मारतो, घामाने चिंब होतो, गाडीत ठेवायला गेलं तर गाडी टीं टीं करते आणि लॉकच होत नाही, आणि बरोबरच्या एकाने सांगितलं की सरळ पुढच्या टायरवर ठेवून दे, सगळे तसंच करतात. वर सुट्टीच्या दिवशी तलावावर पोहायलाही जाता, तिथे तर खिसाच नाही. मग करायचं काय?

मी गाड्यांच्या चाव्या दुरुस्त करायचं आणि नव्या प्रोग्रॅम करून द्यायचं काम करतो आणि बरीच वर्षं पळतोय, त्यामुळे या दोन्ही बाजू माझ्या रोजच्या बघण्यातल्या आहेत. यातलं बरंचसं तुमची गाडी कोणती, तुम्ही गाडीपासून किती लांब जाता, गाडी कुठे उभी असते आणि पाण्यात उतरता का, यावर अवलंबून आहे, त्यामुळे सगळ्यांना एकच उत्तर लागू पडणार नाही. पण टायरचा सल्ला मात्र कुठल्याच गाडीला, कुठल्याच जागी लागू पडत नाही, म्हणून आधी तो बाजूला काढू.

टायरवर का नाही हे कळायला ही चावी चालते कशी ते बघावं लागेल. तुम्ही दाराच्या हँडलला हात लावता किंवा त्याच्यावरचं छोटं बटन दाबता तेव्हा गाडी आपल्या आजूबाजूला एक कमी ताकदीचा सिग्नल सोडते, साधारण १२५ किलोहर्ट्झचा, आणि तो जेमतेम मीटर-दीड मीटर पोचतो. फॉब त्या टप्प्यात असला तर तो जागा होतो आणि ४३३ मेगाहर्ट्झवर, काही देशांतल्या गाड्यांमध्ये ३१५ मेगाहर्ट्झवर, स्वतःचा कोड पाठवतो. कोड जुळला की दार उघडलं. गाडी हळू आवाजात हाक मारते आणि चावी मोठ्याने ओ देते, एवढंच. यात हँडलला हात कोणाचा लागला हे गाडीला कळत नाही, तिला फक्त चावी जवळ आहे की नाही एवढंच कळतं.

आता पुढचा टायर ड्रायव्हरच्या हँडलपासून किती लांब असतो? बहुतेक गाड्यांत मीटरभर. म्हणजे चावी टायरवर ठेवलीत की गाडी उघडीच आहे, चोराला चावी शोधायचीसुद्धा गरज नाही, येताजाता हँडल ओढलं की दार उघडलं. जुनी नुसती धातूची चावी टायरवर ठेवली तर निदान ती शोधावी तरी लागायची. विश्वास बसत नसेल तर आजच घरी करून बघा, फॉब टायरवर ठेवा आणि रिकाम्या हाताने दार उघडून बघा. बंपरच्या मागे, वायपरखालच्या खाचेत, मागच्या चाकाच्या वर, सगळीकडे हेच होऊ शकतं. आणि जिथे रोज सकाळी त्याच वेळी तेच लोक पळायला येतात तिथे कोण टायरपाशी वाकतंय ते बघणारेही असतात.

यावरूनच एक गोष्ट अजून निघते जी फारसं कोणी सांगत नाही. तुमच्या पळायच्या रस्त्याला लागून गाडी उभी असेल आणि फॉब अंगावर असेल, तर ज्या गाड्या मालक जवळ आला की आपोआप अनलॉक होतात आणि लांब गेला की आपोआप लॉक होतात, त्या प्रत्येक फेरीला उघडझाप करत बसतात. तुम्ही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला असताना गाडी बंद असते पण जवळून जाताना काही सेकंद उघडी, लाईट लागतायत, आरसे उघडतायत मिटतायत, आणि गाडीची मोठी बॅटरीही त्यात खर्ची पडते. उपाय सोपा आहे, गाडी रस्त्याच्या कडेपासून चार-पाच मीटर आत लावा, किंवा सेटिंगमध्ये जाऊन जवळ आल्यावर आपोआप अनलॉक होणं बंद करा. लॉक होताना आवाज येतो तो मात्र चालू ठेवा, निघताना तो कानाने ऐकून निघायचं, कारण पळायच्या घाईत गाडी लॉक न करता गेलेले लोक मला फॉब बिघडलाय म्हणून सांगायला येतात.

आता फॉब ठेवायचा कुठे. माझं मत स्पष्ट आहे, पळायचं असेल तर फॉब अंगावर. गाडीत नाही, गाडीखाली नाही, झाडाच्या ढोलीत नाही. पण अंगावर म्हणजे शॉर्ट्सच्या बाजूच्या खिशात नाही. बाजूच्या खिशात मांडीबरोबर तो प्रत्येक पावलाला पुढेमागे झोके घेतो, चड्डी एका बाजूला ओढली जाते, आणि तासभरात कातडी सोलवटते. सगळ्यात कमी हलणारी जागा म्हणजे पाठीमागे कमरेच्या मधोमध, माकडहाडाच्या थोडं वर. बऱ्याच रनिंग शॉर्ट्सना तिथे चेनचा छोटा खिसा असतो तो ह्याचसाठी. तो खिसा नसेल किंवा फॉब त्यात मावत नसेल तर ताणून बसणारा कापडी रनिंग बेल्ट घ्या, बकलवाला नाही तर पायातून वर चढवायचा नळीसारखा असतो तो, आणि एक नंबर घट्टच घ्या, कारण घामाने तो सैल पडतो. फॉब आत सरकवायचा आणि तोंड आतल्या बाजूला दुमडायचं. लांब पल्ल्याला पाण्याची बॅग पाठीवर असेल तर तिच्या आतल्या कप्प्यात चावी अडकवायला बहुतेक एक छोटी कडी असते, ती वापराच, चेन उघडी राहिली तरी चावी पडत नाही. सायकलवाल्यांना एवढंच सांगेन की जर्सीच्या पाठीवरच्या मधल्या खिशात फॉब ठेवू नका, पडलात तर तो थेट मणक्यावर येतो, बाजूच्या खिशात ठेवा नाहीतर सीटखालच्या पिशवीत.

आणि त्याआधी फॉब एकटा करा. घराची चावी, कपाटाची चावी, ऑफिसचं कार्ड, देवाचं लॉकेट, बाटली उघडायचं काहीतरी, असा जुडगा घेऊन लोक पळतात आणि मग म्हणतात फॉब फार जड आहे. फॉब जड नसतोच, जड असतो तो जुडगा, आणि आवाजही त्याचाच. झटकन निघणारी कडी लावून घ्या, पळायला जाताना फॉब तेवढा सोडवायचा, बाकीचं डिकीत. एकट्या फॉबचं वजन बेल्टमध्ये दहा मिनिटांनी जाणवतसुद्धा नाही.

बटनं दाबली जाण्याचा त्रास मात्र खरा आहे आणि बेल्ट घट्ट असला की तो वाढतो. बटनांचा टप्पा हँडलसारखा मीटरभर नसतो, तो वीस-तीस मीटर, कधी त्याहून जास्त जातो. डिकीचं बटन दाबलं गेलं तर डिकी उघडून राहते. आणि बऱ्याच गाड्यांत अनलॉकचं बटन दाबून धरलं की चारही काचा खाली येतात, उन्हात गाडी गार करायची ती सोय आहे, पण तुम्ही वाकून स्ट्रेचिंग करताना बेल्टमध्ये ते बटन दाबलं गेलं की गाडी काचा उघडून उभी. म्हणून बटनांची बाजू शरीराकडे नाही, बाहेरच्या बाजूला करा, कारण दाब येतो तो हाडाचा. ज्यांचा फॉब फारच हळवा आहे त्यांनी बटनांवर पातळ पण कडक प्लास्टिकचा तुकडा ठेवून मग पिशवीत घालावा. पिशवीतूनही सिग्नल जातो, प्लास्टिक किंवा कापड त्याला अडवत नाही.

मोबाईल आणि फॉब एकाच कप्प्यात चिकटवून ठेवायचे नाहीत. मोबाईलने फॉब बिघडतो असं नाही, पण फोन अगदी चिकटून असला तर गाडीची हाक फॉबला नीट ऐकू येत नाही आणि परत आल्यावर दार उघडत नाही म्हणून लोक घाबरतात. अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच दोघांत दहा सेंटीमीटर अंतर ठेवा असं लिहिलेलं असतं. फोन दंडाला किंवा बेल्टच्या पुढच्या बाजूला, फॉब मागे, एवढं पुरतं.

आता घाम, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या पळणाऱ्यांच्या चाव्यांमध्ये हाच विषय सगळ्यात मोठा. पावसाच्या पाण्याने फॉब जेवढा खराब होतो त्याहून घामाने जास्त होतो, कारण घामात मीठ असतं. मीठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते आणि फॉबमध्ये सेल कायम जोडलेला, म्हणजे आतल्या तांब्याच्या रेषांवर गंज चढण्याचं काम चोवीस तास चालू. असा फॉब उघडला की काय दिसतं ते सांगतो. सेलच्या खालच्या पितळी पट्टीवर हिरवट निळसर थर बसलेला असतो, सोल्डरच्या टाक्यांभोवती पांढरी भुकटी असते, आणि बटनांच्या रबराखाली जिथे काळा ठिपका आतल्या सर्किट बोर्डाला टेकतो तिथे चिकट पिवळसर पडदा धरलेला असतो. लॉकचं बटन हळूहळू दगा देतं ते त्या पडद्यामुळे, लोक सेल बदलत बसतात आणि दोष सेलचा नसतोच. पाणी आत शिरतं ते तीन जागांनी, दोन कवचांच्या जोडातून, रबराच्या बटनांच्या कडेने आणि आतली धातूची चावी जिथून बाहेर निघते त्या फटीतून. ती फट बहुतेक फॉबमध्ये थेट आत जाते, तिला रबराची वायसर वगैरे काही नसते. सिलिकॉनचं रंगीत कव्हर मिळतं त्याने ओरखडे वाचतात, घाम वाचत नाही, उलट आत शिरलेला ओलावा तिथेच कोंडून राहतो.

म्हणून दाबून बंद होणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरा, एक नाही दोन. पहिल्या पिशवीत फॉब घाला, हवा काढून तोंड बंद करा, मग ती उलटी करून, म्हणजे तोंड खाली जाईल अशी, दुसऱ्या पिशवीत घाला. दोन्ही तोंडं एकाच बाजूला आली तर जिथून पहिलीत पाणी शिरतं तिथूनच दुसरीत शिरणार. फॉब पिशवीत घालताना कोरडा आणि हात कोरडे. आणि परत आल्यावर, ही गोष्ट हमखास राहते, फॉब लगेच पिशवीतून बाहेर काढा, पुसा, घरी उघड्यावर ठेवा. पिशवीतच दिवसभर राहिला तर गाडीतल्या उन्हाने आतल्या ओलाव्याची वाफ होते, रात्री ती थंड होऊन बोर्डावर बसते, आणि मग पिशवी नसती तर बरं झालं असतं असं होतं. पिशवी घडीवर पांढरी पडली की फेकून द्यायची.

तरी भिजलाच तर काय करायचं? सगळ्यात आधी सेल काढायचा, आहे तिथेच, नखाने नाहीतर आतल्या धातूच्या चावीच्या टोकाने कवच उघडून. सेल निघाला की निम्मा धोका गेला. चालतोय का बघायला बटनं दाबत बसायचं नाही. घाम किंवा समुद्राचं पाणी असेल तर बोर्ड आधी स्वच्छ पाण्याने धुवायचा, हे ऐकून लोक दचकतात पण मीठ आत वाळू देण्यापेक्षा धुतलेलं केव्हाही चांगलं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, मग एक-दोन दिवस वाऱ्यावर वाळू द्यायचा. हेअर ड्रायरची गरम हवा नको. तांदळात पुरायचीही गरज नाही, उघडा ठेवलेला बोर्ड पंख्याखाली चांगला वाळतो. मग नवीन सेल. गोड्या पाण्यात पडून लगेच सेल काढलेले फॉब बहुतेक वाचतात, मीठाच्या पाण्यात पडून तसेच राहिलेले फारसे वाचत नाहीत.

तुमचा दुसरा प्रश्न, गाडीतच ठेवता येईल का. गाडी टीं टीं करते ते बरोबरच करते, तिच्या आतल्या अँटेनांना फॉब आत आहे हे कळतं आणि मालक बाहेर अडकू नये म्हणून ती लॉक व्हायला नकार देते. पण तुमच्या फॉबच्या पोटात एक साधी धातूची चावी आहे. छोटी कळ सरकवली की ती बाहेर येते, आणि ड्रायव्हरच्या दाराला तिचं भोक असतं, कधी हँडलवरच्या प्लास्टिकच्या टोपीखाली लपवलेलं. ती चपटी चावी बुटाच्या लेसमध्ये ओवून, गाठीखाली दाबून कितीही पळा, घाम लागला तरी तिचं काही बिघडत नाही. समुद्रावर लाटांवर खेळायला जाणारे लोक वर्षानुवर्षं हेच करत आलेत, धातूची चावी अंगावर आणि फॉब गाडीत ॲल्युमिनियम फॉइलमध्ये नाहीतर सिग्नल अडवणाऱ्या पाउचमध्ये. धातूचं आवरण सगळीकडून बंद असलं की गाडीची हाक फॉबपर्यंत पोचत नाही, मग गाडीच्या दृष्टीने चावी तिथे नाहीच, आणि धातूच्या चावीने लॉक होते.

ऐकायला छान वाटतं, पण मी हे पहिल्या नंबरला का ठेवत नाही ते सांगतो. एक, सगळ्या गाड्या सारख्या वागत नाहीत. काहींत धातूच्या चावीने फक्त ड्रायव्हरचं दार लॉक होतं, बाकीची तीन उघडी. काहींत परत आल्यावर धातूच्या चावीने दार उघडलं की अलार्म कोकलायला लागतो आणि फॉब फॉइलमधून काढून गाडी चालू करेपर्यंत थांबत नाही. दोन, फॉइल घडीवर फाटतं, बारीक चीर पुरते, आणि मग तुम्ही तिकडे लांब असताना इकडे दार कोणाच्याही हाताने उघडू शकतं. पाउचचं आतलं धातूचं कापडही घडीवर विरतं, म्हणून महिन्यातून एकदा फॉब पाउचमध्ये घालून दाराशी उभं राहून हँडल ओढून बघायचं. तीन, काच फोडून आत शिरलेल्या माणसाला गाडी चालवत न्यायची चावी आयती मिळते, आणि चावी गाडीत ठेवलेली असताना चोरी झाली तर बऱ्याच विमा पॉलिसींमध्ये त्यावरून क्लेम अडतो. पॉलिसीतला तो मुद्दा वाचल्याशिवाय हा मार्ग धरू नका. आणि धरलात तर आधी घरी, ड्रायव्हरची काच पूर्ण खाली करून आणि दुसरी चावी हातात ठेवून, सगळं एकदा करून बघा, चारही दारं आणि डिकी ओढून बघा.

काही कंपन्यांच्या फॉबमध्ये त्याचे कान बंद करायची सोय असते ती यासाठी उपयोगी आहे. टोयोटाच्या बऱ्याच फॉबमध्ये लॉक दाबून धरून अनलॉक दोनदा दाबलं की छोटा लाईट चार वेळा लुकलुकतो आणि फॉब गाडीच्या हाकेला उत्तर देणं बंद करतो, नंतर कुठलंही बटन दाबलं की पुन्हा चालू. इतर कंपन्यांची रीत वेगळी, मॅन्युअलमध्ये बॅटरी वाचवण्याच्या भागात शोधा. हे चालत असेल तर फॉइलवरचा भरवसा कमी ठेवावा लागतो.

पोहण्याच्या दिवशी मात्र हिशोब बदलतो, कारण पाण्यात दोन पिशव्यांवर मी फॉब सोडणार नाही. उघड्या पाण्यात पोहताना कमरेला बांधून मागे ओढायचा फुगा असतो, ज्याच्या आत कोरडा कप्पा असतो, तो असाही सुरक्षेसाठी असायलाच हवा. फॉब दोन पिशव्यांत, त्या पिशव्या फुग्याच्या कप्प्यात, कप्प्याचं तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बकल लावलेलं. आधी एकदा फॉबऐवजी कोरडा टिश्यू घालून पोहून या, टिश्यू कोरडा परत आला तरच फॉब घाला. फुगा नको असेल तर वर सांगितलेली धातूची चावी कमरेच्या नाडीला बांधा, तिला पाण्याचं काही नाही, पण समुद्रातून आलात तर गोड्या पाण्याने धुवा नाहीतर दाराच्या कुलपात मीठ जातं. टो हुकला, म्हणजे गाडी ओढून न्यायच्या कडीला, अडकवायचा नंबरच्या कुलपाचा लोखंडी डबाही मिळतो, त्यात फॉब पाउचसकट ठेवायचा, पाउचशिवाय ठेवलात तर पुन्हा टायरचीच गोष्ट होऊ शकते. डबा मजबूत घ्या आणि नंबर लावताना अंगाआड लावा.

गाडी बदलायचा विचार कधी असेल तर हेही विचारात घ्या की काही कंपन्यांनी हा प्रश्न मुळातच सोडवलाय. जॅग्वारने २०१६ मध्ये एफ पेसबरोबर मनगटावर घालायचा पाण्यात चालणारा पट्टा दिला, त्यात सेलच नव्हता, तो मागच्या दारावरच्या नावातल्या ‘जे’ (J) अक्षरापाशी धरला की गाडी लॉक व्हायची आणि आत ठेवलेले फॉब तेवढ्या वेळापुरते निकामी व्हायचे. फोर्डने तर १९८० पासून काही गाड्यांना दारावर आकड्यांचं पॅड दिलंय, कोड लक्षात असला की हातात काहीच नको. टेस्लाचं कार्ड पाकिटातल्या कार्डाएवढं पातळ, दारांमधल्या खांबाला टेकवायचं. आणि २०२० पासून आयफोन काही गाड्यांची चावी म्हणून चालायला लागला, सुरुवात बीएमडब्ल्यूपासून झाली, आता आणखी बऱ्याच गाड्यांत आणि इतर फोनमध्येही आहे. तुमच्या गाडीला फोनची चावी चालत असेल तर एक फरक नीट समजून घ्या. दाराला टेकवून चालणारी चावी नेटवर्क नसतानाही चालते, आयफोनमध्ये तर बॅटरी संपून फोन बंद पडल्यावरही पाच तासांपर्यंत चालू शकते. पण ॲप उघडून अनलॉक दाबायचं असेल तर बहुतेक वेळा नेटवर्क लागतं, आणि डोंगरात पळणाऱ्याला ते भोवतं.

रिले चोरीबद्दल काळजी वाटत असेल तर थोडंसं. दोन माणसं, एक तुमच्या चावीजवळ, एक गाडीजवळ, दोघांकडे सिग्नल पुढे पोचवणारी यंत्रं, गाडीला वाटतं चावी शेजारीच आहे. २०११ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलवर हे करून दाखवलं होतं. फोर्डने २०१९ मध्ये युरोपात असा फॉब आणला जो चाळीस सेकंद हलला नाही की झोपी जातो, तसे आता इतरांचेही आहेत. पण पळताना चावी हलतच असते म्हणजे ती झोपतच नाही. तरी पळणाऱ्या माणसाच्या कमरेजवळ यंत्र धरून कोणी पळत नाही, तुमच्यासाठी खरी वेळ ती जेव्हा फॉब जिमच्या बॅगेत किंवा बाकावर पडलेला असतो. तेव्हा पाउचमध्ये ठेवा, विषय संपला.

शेवटचा भाग, परत आल्यावर दार उघडलंच नाही तर. घाबरायचं नाही. सेल संपला तरी धातूच्या चावीने दार उघडतं, आणि इंजिन चालू करायला सेल लागत नाही, कारण फॉबमध्ये इमोबिलायझरची, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणाऱ्या यंत्रणेची, एक वेगळी चिप असते जी गाडीकडूनच वीज घेते. ब्रेक दाबून फॉब स्टार्ट बटनाला टेकवायचा आणि बटन दाबायचं, काही गाड्यांत टेकवायची जागा कप होल्डरच्या तळाशी किंवा स्टिअरिंगच्या दांड्यावर असते. ती जागा आजच मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. सेल बहुतेकांत सीआर२०३२ असतो पण उघडून खात्री करा, आणि रोज पळताना नेत असाल तर वर्षाला बदला, मरायची वाट बघू नका.

तर तुमच्यासाठी एवढं: रोजच्या पळण्याला एकटा फॉब, दोन उलटसुलट पिशव्यांत, पाठीमागच्या घट्ट बेल्टमध्ये, बटनं बाहेरच्या बाजूला, गाडी रस्त्यापासून जरा आत. पोहायला फुग्याचा कोरडा कप्पा, तो टिश्यू घालून तपासून.

आणि दुसरी चावी कुठे आहे ते आज शोधा. ती कपाटात पडून असते आणि तिचा सेल कधीच मेलेला असतो. ती चालू करून घरात अशा माणसाकडे द्या जो सकाळी फोन उचलतो, आणि त्याचा नंबर पाठ करा, कारण गाडी लॉक होऊन तुम्ही बाहेर अडकलात तर त्या दिवशी फोनही गाडीतच असण्याची शक्यता बरीच आहे. गाडीचं मॉडेल आणि साल कळवलंत तर दाराचं लपलेलं भोक आणि फॉब टेकवायची जागा नेमकी कुठे ते सांगतो.